श्योनबुखच्या रानातून सायकलीनं: एक फसलेली वाट, एक जमलेली

मार्चमधल्या एका शनिवारी संध्याकाळी सव्वासहाला आम्ही सहा जण जर्मनीतल्या एंट्रिंगनच्या छोट्या रेल्वे स्टेशनावर उभे होतो. कपडे गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. सहापैकी दोन सायकलींची मागची चाकं फिरतच नव्हती. काकांनी उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं. आम्ही दुपारी तीनला ट्युबिंगनमध्ये असायला हवे होतो. सकाळी अकराला हेरेनबर्गहून निघालो तेव्हा फोनवर ३८ किलोमीटरची निळी रेघ दिसत होती आणि तिच्याखाली ‘ग्रॅव्हल, सोपा’, म्हणजे खडीचा सोपा रस्ता, असं लिहिलेलं होतं. सात तासांत आमचे जेमतेम १९ किलोमीटर झाले.

मेच्या शेवटी आम्ही त्याच रानातून पुन्हा गेलो. माणसं तीच, सायकलीही त्याच. या वेळी मात्र कोणालाही फारसं न दमवता ट्युबिंगन गाठलं. मधल्या दोन महिन्यांत काय बदललं ते इथे नीट लिहून ठेवतोय, कारण या भागातली बरीच मराठी मंडळी हल्ली ग्रॅव्हल सायकली घेतात आणि पहिल्याच फेरीत आमच्यासारखी फसतात.

आधी जागेबद्दल. स्टुटगार्टच्या नैर्ऋत्येला, हेरेनबर्ग, ब्योब्लिंगन आणि ट्युबिंगन या गावांच्या मधोमध श्योनबुख हे डोंगराळ जंगल आहे. कधीकाळी स्टुटगार्टचा मोठा विमानतळ इथे बांधायचा घाट घातला गेला होता. लोकांनी तो हाणून पाडला आणि १९७२ मध्ये हे जंगल बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातलं पहिलं निसर्ग उद्यान झालं. क्षेत्रफळ १५६ चौरस किलोमीटर. उंची फार नाही, सगळ्यात उंच ब्रोमबर्ग ५८३ मीटरचा. पण ओढ्यांनी हे पठार आतून इतकं कापलंय की चढ-उतार संपत नाहीत. आपल्या अभयारण्याशी याची तुलना करू नये. निसर्ग उद्यानात लाकूडतोड होते, कडेला गावं वसलेली आहेत, रविवारी हजारो लोक चालायला येतात. आतल्या वनरस्त्यांवर खासगी मोटारींना मात्र बंदी आहे, आणि सायकलवाल्याला हवं असतं ते नेमकं हेच.

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं, आणि मोटार कारखान्यांमुळे पुण्या-चाकणची माणसं या भागात कायम येत-जात असतात. आमचा गटही तसाच जमलेला: मी, माझी बायको, माझा पुण्याचा मित्र आणि त्याची बायको, त्यांचा १३ वर्षांचा मुलगा आणि मित्राचे वडील. हे काका ६३ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातले, सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. तीन महिन्यांसाठी लेकाकडे आले होते. मित्राकडे आणि माझ्याकडे ४० मिलिमीटर टायरच्या ग्रॅव्हल सायकली, दोघींकडे ३७ मिलिमीटरच्या साध्या ट्रेकिंग सायकली, पोराकडे माउंटन बाइक आणि काकांसाठी भाड्यानं आणलेली विजेची सायकल. हा गट मुद्दाम सांगतोय. ग्रॅव्हलच्या वाटा बहुधा एकट्या, तरण्या, सराईत माणसाला डोळ्यांपुढे ठेवून आखल्या जातात. खऱ्या रविवारी बाहेर पडणारा गट असा मिसळीसारखा असतो.

पहिल्या फेरीची सुरुवात चांगली झाली. हेरेनबर्ग हे स्टुटगार्टहून येणाऱ्या एस-वन लोकलचं शेवटचं स्टेशन. गावातून वर किल्ल्याच्या टेकडीवर चढलो, तिथून श्टेलबर्गवरच्या मनोऱ्यापाशी. २०१८ मध्ये उघडलेला हा ३५ मीटर उंचीचा लाकूड आणि पोलादाचा मनोरा. वर चढलं की एका बाजूला सगळं रान आणि दुसऱ्या बाजूला श्वाबियन आल्ब या डोंगररांगेचा कडा दिसतो. पोरगा वर जाऊन आला, आम्ही चहा प्यायलो.

मनोऱ्यानंतर निळी रेघ रुंद रस्ता सोडून झाडीत घुसली. वाट हातभर रुंद. समोरून एक वयस्क जोडपं कुत्र्याला घेऊन आलं आणि थांबलं. आजोबा शांतपणे म्हणाले, “ही वाट तुमची नाही. दोन मीटर हवेत.” त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. मी फोन पुढे केला. त्यांनी तो बघितलाही नाही. “ते ज्यानं काढलंय तो इथे राहत नाही,” एवढं बोलून ते बाजूला झाले आणि आम्हाला सायकली हातात धरून पुढे जाऊ दिलं.

त्यांचं बरोबर होतं. जर्मनीच्या १९७५ च्या वनकायद्यानुसार रानात फिरायला कोणालाही मोकळीक आहे, सायकल मात्र रस्त्यांवर आणि वाटांवरच. त्यात बाडेन-व्युर्टेंबर्गनं आपल्या राज्याच्या कायद्यात भर घातली: दोन मीटरपेक्षा अरुंद वनवाटेवर सायकल चालवायची नाही, वनखात्यानं एखादी वाट खास मोकळी केली असेल तर गोष्ट वेगळी. हा नियम मला ढोबळ वाटतो. वाटेची रुंदी तिचा उतार सांगत नाही, समोरचं किती दिसतं ते सांगत नाही, मातीही सांगत नाही. पण त्या दिवशी सहा जणांची आमची रांग त्या हातभर वाटेवर उभी होती आणि त्या आजींना कुत्र्याला कवेत घेऊन काट्यांत उभं राहावं लागलं. ते दृश्य मला आवडलं नाही.

खरा घोटाळा त्यानंतर झाला. रेघ दक्षिणेच्या उतारावर वळली. बर्फ वितळून आठवडाच झाला होता. वाट सुरुवातीला वाळूसारखी होती, चाकं मजेत फिरत होती. मग पन्नास पावलांत जमिनीचा रंग बदलला, जांभळट तांबडी माती लागली. पहिल्यांदा माझं मागचं चाक जड झालं, मग मित्राचं. खाली पाहिलं तर टायर आणि फ्रेम यांच्यामधली बोटभर फट चिखलानं गच्च भरलेली. काटकीनं काढावा तर दहा हातांवर पुन्हा तेच. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडीचं चाक भरतं तसं. काकांची सायकल पंचवीस किलोची. त्यांनी ब्रेक दाबला आणि चाक न थांबता नुसतं घसरलं. ते उजव्या हातावर पडले. मोडलं काही नाही, मनगट मुरगळलं. पण भाड्याची सायकल, परका देश आणि पडलेला म्हातारा माणूस, आमच्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला.

उठता उठता काकांनी ती माती चिमटीत घेतली, अंगठ्यानं चोळली आणि म्हणाले, “ही आपल्या काळ्या मातीची बहीण आहे रे. पाणी पिते आणि फुगते. हिच्यावर रस्ता टिकत नाही.”

पुढे आणखी एक अडथळा होता. एका वळणावर तांबडी-पांढरी पट्टी बांधलेली आणि झाडतोडीचा फलक. पलीकडून यंत्राचा आवाज येत होता. अशी पट्टी ओलांडायची नसते. झाड कुठल्या बाजूला पडणार ते आपल्याला माहीत नसतं. मागे फिरलो, दोन चुकीची वळणं घेतली आणि अखेर डोंगर उतरून एंट्रिंगन गाठलं. तिथून आमेर खोऱ्याची गाडी पकडून परत.

त्या रात्री मनगटावर शेक घेत काकांनी लाइटबिलाच्या पाठीवर एक आकृती काढली. रस्त्याचा आडवा छेद. मधे उंच, दोन्ही कडांना उतरता, बाजूला गटारं. “रस्ता पाण्यानं मरतो,” ते म्हणाले, “गाडीनं नाही. पाणी कुठं जातंय ते बघितलंस तर रस्ता कसा आहे ते कळतं. आज आपण पाण्याच्याच वाटेनं चाललो होतो.”

तिथून माझी समजूत बदलली. तोवर मी वाट म्हणजे लांबी, चढ आणि टक्केवारी एवढंच बघत होतो. श्योनबुखची जमीन कॉयपर नावाच्या खडकांची, म्हणजे वालुकाश्म आणि चिकण खडक यांचे एकावर एक थर. वालुकाश्म जिथे उघडा पडतो तिथली वाट वाळूची, पाणी लगेच जिरतं. त्याच्या वरच्या अंगाला, पठाराच्या कडेखाली, क्नोलनमेर्गेल हा जांभळट चिकण मातीचा पट्टा येतो. भिजला की फुगतो आणि उतारावरून सरकतो. इथले घरबांधणीवालेही त्याला भितात. नकाशावरच्या रेघेला हे काही माहीत नसतं. तिच्या लेखी वाळू आणि जांभळी माती दोन्ही ‘कच्ची वाट’. पन्नास पावलांत आमचा दिवस का बुडाला त्याचं उत्तर एवढंच आहे.

मनगट बरं झाल्यावर काका आणि मी लागोपाठ तीन रविवार पायी फिरलो. सायकल नाही, फक्त जमीन मोजणीचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा आणि काकांची छत्री. नकाशावर गाडी जाईल असा वनरस्ता दुहेरी रेघेनं आणि पायवाट तुटक रेघेनं दाखवतात. तुटक रेघा आम्ही आधीच बाद केल्या. राहिलेल्या रस्त्यांवर छत्री चालली. काकांची छत्री नव्वद सेंटीमीटर. आडव्या दोन छत्र्या आणि वर एक वीत बसली तर वाट आपली. मग छत्रीचं टोक रस्त्यात रोवायचं. चांगल्या वनरस्त्यात ते नखाएवढंही जात नाही. वाळूच्या वाटेत बोटाचं एक पेर जातं, तेही चालतं. जिथे मूठभर आत गेलं आणि ओढून काढताना ‘चप्’ असा आवाज आला तिथे काका नकाशावर फुली मारायचे.

गोल्डर्सबाखच्या खोऱ्यातला मोठा रस्ता लागला तेव्हा काका वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. बुटाच्या टाचेनं कड उकरली, खालचे मोठे दगड दिसले. “अरे, हे तर आपलं डब्ल्यूबीएम!” म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम, पाणी मारून बसवलेला खडीचा रस्ता: खाली मोठी खडी, वर बारीक, त्यावर चुनखडीचा चुरा, पाणी मारून रोलर फिरवलेला. डांबराचा थेंब नाही. गंमत म्हणजे जर्मन वनखातं या थराला जे नाव देतं त्याचाही शब्दशः अर्थ ‘पाण्यानं बांधलेला थर’ असाच आहे. मधे फुगवटा, कडेला चर, आणि ठरावीक अंतरावर रस्त्याखालून जाणारी नळमोरी. काकांनी एका मोरीत डोकं घालून बघितलं. आतला गाळ काढलेला होता. “मोरी साफ आहे म्हणजे रस्त्याला कोणीतरी वाली आहे,” म्हणाले. त्यानंतर रस्त्याची परीक्षा आम्ही मोऱ्यांवरून करू लागलो. मोरी तुंबलेली दिसली की पुढच्या शंभर पावलांत खड्डा किंवा चिखल हमखास असायचा.

हे रस्ते लाकडाचे ट्रक जावेत म्हणून केलेले आहेत, सायकलीसाठी कोणी केलेले नाहीत. त्यामुळे ते रुंद आहेत, त्यांचा चढ मर्यादेत आहे आणि वळणं मोठी आहेत. ग्रॅव्हल सायकलला यापेक्षा चांगलं काय हवं? दोन मीटरच्या नियमाचा माझा राग इथे बराच निवळला. अरुंद वाटांचा ज्यांना ध्यास आहे त्यांची तक्रार मला समजते. आमच्यासारख्या गटानं मात्र या नियमापायी काहीच गमावलं नाही. एक सावधगिरी हवी: झाडतोडीनंतर ओंडके ओढायला झाडांमधून सरळ पट्टे काढलेले असतात. ते दोन मीटरपेक्षा रुंद असतात आणि रस्त्यासारखे दिसतात, पण तो रस्ता नव्हे. यंत्राच्या चाकांनी झालेल्या चाऱ्यांत तिथे पाणी साचलेलं असतं आणि पुढे वाट संपलेली असते. पहिल्या फेरीतलं आमचं एक चुकीचं वळण असंच होतं.

मेच्या शेवटच्या रविवारी साडेनऊला हेरेनबर्गहून पुन्हा निघालो. त्याआधी चार दिवस पाऊस नव्हता. वाट साधारण ३१ किलोमीटरची, एकूण चढ तीनशे मीटरच्या आसपास, आणि जवळजवळ सगळा पहिल्या तासात. हे मुद्दाम केलं. हेरेनबर्ग उंचावर, ट्युबिंगन नेकार नदीकाठी खाली. त्यामुळे पाय ताजे असताना चढ उरकतो आणि दुपारनंतर ओढ्याच्या सोबतीनं हलका उतार राहतो. उलट दिशेनं हीच वाट काकांना आणि पोराला जड गेली असती.

टायरमधली हवाही बदलली. मार्चमध्ये मी ४ बार हवा भरली होती, आपल्या दुकानदारांच्या भाषेत ५८ पीएसआय. टायर दगडासारखा झाला होता आणि प्रत्येक खडीवर उसळत होता. या वेळी माझ्या ७४ किलो वजनाला २.४ बार, दोघींच्या सायकलींना ३. चाक खडीवर बसून चालतं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. बायको पहिल्या पाच किलोमीटरांतच म्हणाली, “आज हात बधिर होत नाहीयेत.” उतारावर आम्ही एकच पथ्य पाळलं: वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. सुट्या खडीत वळणावर पुढचा ब्रेक दाबला की चाक पायाखालून निसटतं. काका उतारावर सगळ्यात मागे राहिले, कोणीही त्यांना घाई केली नाही.

रानाच्या मधल्या भागात सांबरासारख्या मोठ्या हरणांसाठी, इथल्या तांबड्या हरणांसाठी, मोठं कुंपण घातलेलं क्षेत्र आहे. रस्ता त्यातून जातो. फाटक उघडायचं, आत जायचं, मागे वळून ते लागलंय की नाही ते हातानं चाचपायचं. हे काम पोराकडे दिलं होतं आणि त्यानं ते चोख केलं. मे-जूनमध्ये माद्या गवतात पाडसं ठेवतात, म्हणून लघवीलासुद्धा रस्त्यापासून फार आत जायचं नाही असं ठरवलं होतं. आम्हाला हरीण दिसलं नाही. ओल्या वाळूत खूर दिसले, पोरानं त्यांच्या शेजारी आपला हात ठेवून फोटो काढला.

दुपारी खोऱ्यातल्या एका ठरवून दिलेल्या चुलीपाशी थांबलो. या रानात आग पेटवायची ती अशा चुलींवरच, आणि कोरड्या दिवसांत वणव्याचा धोका वाढला की तिथेही बंदी येते, म्हणून आदल्या दिवशी सूचना बघून घेतली होती. मित्राच्या बायकोनं पिशवीतून चार वांगी काढली. ती निखाऱ्यावर भाजली, सालं काढली, कांदा, मीठ, दाण्याचा कूट, आणि घरून आणलेल्या भाकऱ्या. शेजारच्या चुलीवर एक कुटुंब सॉसेज भाजत होतं. त्यांच्या आजीबाई वाटी घेऊन भरीत मागायला आल्या. दीड तास कसा गेला कळलं नाही. वाट आखताना मी हा दीड तास धरला होता. पहिल्या वेळी जेवणाला वीस मिनिटं ठेवली होती.

तिथून सैतानाच्या पुलावरून बेबेनहाउजनपर्यंतचा पट्टा मला सगळ्यात आवडतो. ओढा कधी उजवीकडे, कधी डावीकडे, बीच झाडांच्या पानांतून हिरवा उजेड, आणि पायडल न मारता सायकल आपली पुढे चाललेली. हाच पट्टा चालणाऱ्यांचाही लाडका आहे, त्यामुळे इथे वेग घ्यायचा नाही. घंटी लांबूनच वाजवायची, अगदी पाठीशी येऊन नाही, आणि पुढे जाताना “धन्यवाद” म्हणायचं. बेबेनहाउजनला बाराव्या शतकाच्या अखेरीचा मठ आहे. व्युर्टेंबर्गचा शेवटचा राजा विल्हेल्म दुसरा १९२१ मध्ये इथेच वारला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं या भागाची विधानसभा याच मठात भरत होती. काकांनी हे ऐकून मान हलवली आणि छपरावरचा नाजूक दगडी मनोरा बघत उभे राहिले. “हे वजन छपरानं कसं पेललंय?” त्यांचा प्रश्न तोच.

लुस्टनाउमार्गे साडेतीनला आम्ही ट्युबिंगनच्या पुलावर होतो. तिथून आमेर खोऱ्याच्या गाडीनं हेरेनबर्ग अर्ध्या तासात. या भागात लोकलमध्ये सायकल न्यायची तर कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊची गर्दीची वेळ टाळावी. रविवारी अडचण नाही.

वाटेत एकच तुकडा अजून मनासारखा नाही. पठार सोडून खोऱ्यात उतरताना सुमारे चारशे मीटर जांभळी माती लागते. दुहेरी रेघेचा रस्ता आहे, रुंदी पुरते, पण वरची खडी वाहून गेली आहे आणि तिथली मोरी तुंबलेली आहे. मेमध्ये तो कोरडा ठणठणीत होता, सायकली सहज गेल्या. सप्टेंबरमध्ये आम्ही चौघं पुन्हा गेलो. सांज व्हायच्या आत कुंपणाबाहेर पडायचं म्हणून लवकर निघालो होतो, कारण तो नर हरणांच्या माजाचा काळ असतो आणि अंधारात त्यांच्यात लुडबुड करू नये. दोन दिवसांपूर्वी पाऊस झालेला. त्या चारशे मीटरांच्या तोंडाशी उतरलो, मी छत्री काढली. टोक मूठभर आत गेलं. डावीकडच्या वळशानं तीन किलोमीटर जास्त पडतात, आम्ही तो वळसा घेतला. संध्याकाळी काकांना साताऱ्याला फोन करून सांगितलं, तर त्यांनी पहिलं विचारलं ते मोरीचं: अजून कोणी साफ केली नाही का?